कान काढून ठेवा, घड्याळजी

“अंगावर धातूचं जे काही असेल ते या वाडग्यात काढा. अंगठी, साखळी, घड्याळ, चिल्लर, किल्ल्या. लपवाछपवी चालणार नाही. नंतर चटका बसला की मलाच बोल लागतो.”

शेकवाल्या बाईंनी निळं प्लास्टिकचं वाडगं पुढे धरलं. समोर लाकडी बाकावर बसलेला ट्रक ड्रायव्हर दार अडेल एवढा रुंद होता, पण कंबरदुखीनं पार वाकला होता. त्यानं निमूटपणे सगळं काढून ठेवलं आणि मग हळूच विचारलं, “आणि सोन्याचा दात?”

“शेक कुठे घ्यायचाय तुम्हाला?”

“कमरेला.”

“मग दात जागच्या जागी असू दे. कमरेत उगवला असेल तर तेवढं सांगा.”

पडद्यापलीकडे खांद्याचा व्यायाम करणाऱ्या दोघीजणी खुदकन हसल्या. ड्रायव्हरही हसला आणि हसता हसता त्याची कंबर लचकली, तेव्हा बाईंनीच त्याला धरून आडवं केलं.

हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईच्या खोलीपलीकडे ही शेकाची खोली होती. खोलीत पलंग लाकडाचा, खुर्ची लाकडाची, स्टूल लाकडाचं. मशीन चालू असताना जवळपास लोखंड नको, म्हणून हा थाट. मशीन कपाटाएवढं होतं. त्याला दोन हात, हातांच्या टोकाला रबराच्या ताटल्या. दुखऱ्या जागेच्या दोन बाजूंना त्या लावायच्या, बटण फिरवायचं आणि दिसत नाहीत अशा लहरी हाडामांसातून आरपार जाऊ लागायच्या. माणसाला कळायची ती नुसती ऊब. मशीन बरोबर चाललंय की नाही हे बघायला बाईंकडे ट्यूबलाइटचा एक जुना छोटा तुकडा होता. सकाळी तो ताटल्यांजवळ धरला की वायर नाही, बटण नाही, हातातल्या हातात पेटायचा. इतकी वर्षं झाली तरी तो पेटला की बाईंना बरं वाटायचं.

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. जिभेला हाड नाही म्हणावं तर तसंही नव्हतं, त्या टोचून कधी बोलल्या नाहीत. पण बोलायच्या भरपूर. गुडघ्यांना दम द्यायच्या, मानांची समजूत काढायच्या. नवीन आलेल्या फिजिओथेरपीच्या मॅडमना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं की, या खोलीत अर्धा शेक मशीनचा आणि अर्धा बाईंचा. फक्त स्वतःच्या घराविषयी बाईंनी कुणापाशी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. एक माणूस सोडून.

तो माणूस साडेअकराला यायचा. काठी टेकत, उजवा पाय जपत. बाजारात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान आता मुलगा बघायचा, पण ‘घड्याळजी’ हे नाव म्हाताऱ्याकडेच राहिलं होतं.

“या घड्याळजी. काय म्हणतोय गुडघा?”

“गुडघा म्हणतो, मी तुझ्याहून म्हातारा आहे.”

मग ठरलेला कार्यक्रम. घड्याळजी मनगटावरचं घड्याळ सोडायचे, रुमालात बांधायचे, पण वाडग्यात टाकायचे नाहीत. ते पार टोकाला टॉवेलच्या कपाटात ठेवायला लावायचे. “या लहरींनी घड्याळाला वेड लागतं,” ते म्हणायचे. “माणसाचं काय होतं ते तुम्ही बघा. घड्याळाची जबाबदारी माझी.”

“आता कान काढून ठेवा, घड्याळजी.”

असं बाई म्हणाल्या की दोन्ही कानांतली ऐकायची यंत्रं घड्याळजी अलगद काढायचे आणि वाडग्यात ठेवायचे. त्यानंतर बाहेर तोफ डागली असती तरी त्यांना पत्ता लागला नसता. ज्याला ऐकू येत नाही त्याला मशीनजवळ एकटं सोडायचं नाही असा नियम, म्हणून बाई स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसायच्या. बसण्याआधी आपल्या गळ्यातली दोरी काढून वाडग्यात टाकायच्या. दोरीला एक किल्ली होती.

पहिले काही दिवस बाई गप्प बसल्या. पण गप्प बसणं हे बाईंना मानवणारं काम नव्हतं. एकदा सहज त्या म्हणाल्या, “आज नळाला पाणीच नव्हतं हो सकाळी.”  मग पाण्यावरून घर आलं, घरावरून आक्का आली, घड्याळजींनी डोळे मिटले आणि मग बाईंना थांबताच येईना. वीस मिनिटांनी मशीन बंद झालं तेव्हा त्यांना इतकं हलकं वाटलं की, शेक नक्की कुणी घेतला तेच कळेना. दुसऱ्या दिवशी साडेअकराची वाट त्या बघू लागल्या.

आक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण. आई गेली तेव्हा बाई पहिलीत होत्या आणि आक्का जेमतेम सोळाची. आक्कानं शिलाईमशीन घेतलं, शाळांचे गणवेश शिवले, दादाला शिकवलं, धाकटीला शिकवलं, स्वतःचं सगळं राहून गेलं. दिवसभर मशीनची खडखड आणि मध्येच एक प्रश्न, “किती वाजले गं?” धाकटीची शाळा सुटायच्या आत हातातलं काम संपवायचं असायचं. दार उघडं ठेवून, वाढून ठेवून ती वाट बघायची.

आता आक्का सगळं विसरली होती. किती वाजले हे विचारायचं तेवढं विसरली नव्हती.

“दर दोन मिनिटांनी विचारते हो,” बाई मिटल्या डोळ्यांच्या घड्याळजींना सांगायच्या. “काल मी खेकसले तिच्यावर. आत्ताच तर सांगितलं ना, म्हटलं. तशी गप्प बसली आणि मला म्हणाली, ‘अहो बाई, चुकलं माझं.’ अहो म्हणते मला! जन्मभर अगं-तुगं केलं, वेणी घालताना कान पिरगळला माझा, आणि आता अहो बाई. तिला वाटतं, मी कामाला ठेवलेली बाई आहे. पगार वेळेवर मिळतो ना, म्हणून विचारते.”

इथपर्यंत बाई हसत सांगायच्या. किल्लीचं मात्र हसत सांगता येत नसे.

एकदा आक्का अनवाणी रस्त्यावर गेली आणि एका रिक्षावाल्यानं तिला परत आणून सोडलं. एकदा गॅस नुसताच चालू राहिला. तेव्हापासून बाई कामावर निघताना गॅस बंद करायच्या, पाणी आणि खाणं टेबलावर ठेवायच्या आणि दाराला बाहेरून कुलूप लावायच्या. चोऱ्या फार वाढल्यात, असं शेजारणीला सांगितलं होतं. शेजारीणही चांगली, तिनं विश्वास ठेवल्यासारखं केलं.

दादा दुसऱ्या शहरात राहायचा. तो दर रविवारी फोन करायचा. “हे असं किती दिवस चालणार? मी बघून आलोय ती जागा. स्वच्छ आहे, नर्स आहेत, बाग आहे. तू एक दिवस पडशील गं, मग दोघींना कोण बघणार?”

“तिनं आपल्याला कुठे ठेवलं होतं का रे नेऊन?” एवढं बोलून बाई फोन ठेवायच्या.

आणि दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत घड्याळजींना सांगायच्या, “दादाचं खरं आहे हो. मलाच होत नाही आता. पण हो म्हणायला तोंड उघडत नाही माझं.” घड्याळजींचा श्वास संथ चालू असायचा. झोपला बिचारा, असं म्हणत बाई डोळे पुसून उठायच्या, बटण बंद करायच्या, वाडगं पुढे करायच्या. बाईंनी आपली किल्ली घ्यायची, घड्याळजींनी आपले कान घ्यायचे.

गुडघा काही नवा झाला नाही. मॅडमनी शिकवलेला व्यायाम आणि हा शेक मिळून घड्याळजी जिना एक एक पायरी चढू लागले, एवढं खरं.

मग एका सोमवारी मॅडम उत्साहानं म्हणाल्या, “बाई, खूशखबर! नवं मशीन आलं. प्रकाशाचं. हे जुनं धूड आता जाणार.”

नवं मशीन चहाच्या ट्रेएवढं होतं. त्याला पेनासारखी एक कांडी आणि एक लाल दिव्यांचा पट्टा. मॅडमनी समजावून सांगितलं. यात ऊबसुद्धा फारशी लागत नाही, नुसता उजेड कातडीतून आत जातो. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण दुखणं कमी व्हायला मदत होते. वेळ संपली की ते आपोआप बंद पडतं आणि पिंपिं करतं. “म्हणजे तुम्हाला शेजारी बसून राहायला नको. तेवढ्यात दुसरा पेशंट बघता येईल. आणि अंगठ्या, घड्याळं, हिअरिंग एड, काही काढायला नको. फक्त डोळ्यांना हा काळा चष्मा. आपल्याला आणि पेशंटला, दोघांना.”

“बरं झालं,” बाई म्हणाल्या.

जुनं मशीन न्यायला माणसं आली तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं. मशीन एकदा चालू केलं आणि ट्यूबचा तुकडा जवळ धरला. तो पेटला. “चालू मशीन नेताय, एवढं लक्षात ठेवा,” त्या म्हणाल्या. ढकलगाडीवरून मशीन लिफ्टकडे गेलं. भिंतीवर त्याच्या पाठीएवढा चौकोन स्वच्छ राहिला होता, तो बाईंनी उगाचच पुसून काढला.

त्याच आठवड्यात दादाचा अवेळी फोन आला. त्या जागेत एक खाट रिकामी झाली होती. शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार. “तू सांग,” दादा म्हणाला. “तिला रोज तूच बघतेस. तू नको म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही.” बाईंना वाटलं होतं दादा जबरदस्ती करील, मग त्याच्यावर चिडता येईल. त्यानं तेही ठेवलं नाही.

गुरुवारी घड्याळजी आले. बाईंनी त्यांना बसवलं, गुडघ्याला पट्टा बांधला, काळा चष्मा दिला. कान कानातच होते, घड्याळ मनगटावरच होतं. वाडगं कोपऱ्यात पालथं पडलं होतं. लाल उजेड गुडघ्यावर पसरला. बाई टॉवेलच्या घड्या घालू लागल्या. एक टॉवेल त्यांनी तीनदा घडी करून तीनदा उलगडला.

“आजही बसत नाही होय जवळ?” घड्याळजींनी विचारलं.

“आता नियम नाही ना. ऐकू येतंय तुम्हाला.”

“तेच तर वाईट झालं.”

बाई वळल्या. घड्याळजी चष्मा कपाळावर सरकवून त्यांच्याकडे बघत होते.

“चष्मा खाली घ्या आधी! डोळ्यांना बरं नाही ते.”

“घेतो. बाई, तुम्ही चार दिवसांत सुकलात. जुनं मशीन होतं तेव्हा बोलून मोकळ्या व्हायचात.”

टॉवेल बाईंच्या हातातून खाली पडला. “तुम्हाला ऐकू यायचं?”

“नाही हो. देवाशपथ नाही. ठार बहिरा आहे मी. पण इतकी वर्षं बहिरा म्हटल्यावर ओठ वाचायची सवय लागतेच ना. तुम्ही पहिल्यांदा बोलायला लागलात, तेव्हा दोन-चार शब्द डोळ्यांत शिरले. ‘नळ’ म्हणालात, मग ‘आक्का’ म्हणालात. तुमचा चेहरा बघितला आणि कळलं, हे काही माझ्यासाठी चाललेलं नाही. म्हणून डोळे मिटले. दुसऱ्याच्या घरात कशाला डोकावायचं?”

“मला वाटायचं, तुम्ही झोपता.”

“त्या रबराच्या ताटल्यांमध्ये कोण झोपणार?” घड्याळजी हसले. मग त्यांनी सावकाश एका कानातलं यंत्र काढलं, दुसऱ्या कानातलं काढलं. “ते वाडगं द्या इकडे. मशीनला नको असेल, आपल्याला हवंय.” आणि काळा चष्मा डोळ्यांवर ओढून ते मागे टेकले.

बाईंनी वाडगं सरळ करून आणलं. दोन्ही यंत्रं त्यात पडली. आपला काळा चष्मा लावून त्या स्टूल ओढून बसल्या. सवयीनं दोरी गळ्यातून काढली, किल्ली वाडग्यात टाकली आणि तोंड उघडलं. पण समोर एक म्हातारा कान बंद करून, डोळे झाकून बसला होता, केवळ त्यांच्यासाठी. बाईंना एकदम त्याच्याविषयी इतकी माया दाटून आली की, हे असं चोरून बोलणं नको वाटलं. त्यांनी यंत्रं उचलली, पदर नव्हता म्हणून एप्रनलाच पुसली आणि घड्याळजींच्या तळहातावर ठेवली.

“घाला,” त्या म्हणाल्या आणि घड्याळजींना ऐकू आलं नाही म्हणून त्यांची मूठ मिटून कानाकडे ढकलली. “घाला हो. आज ऐका.”

यंत्रानं कानात जाताना एक शिटी मारली. मग बाई बोलल्या.

“मी माझ्या बहिणीला घरात कोंडून कामावर येते. ही किल्ली त्याची. परवा घरी गेले, कुलूप काढायला लागले तर आतून आवाज येत होता. दाराशी बसून आक्का हाका मारत होती. ‘उघडा हो कुणीतरी. माझी धाकटी बहीण शाळेतून यायची वेळ झाली. दार बंद दिसलं तर घाबरेल ती.’ मी बाहेर उभी होते हो किल्ली घेऊन. मला दार उघडायला हात होईना. आणि आता दादा विचारतोय, तिला तिथे ठेवायचं का. मला हो म्हणायचंय. मी दमलेय. पण हो म्हटलं तर मी कोण झाले?”

 मशीनचं पिंपिं झालं, उजेड विझला, तरी दोघंही काळे चष्मे लावून तसेच बसून राहिले. पडद्याआड मॅडम कुणालातरी पाय सरळ करायला सांगत होत्या.

“ती धाकटी म्हणजे तुम्हीच ना?” घड्याळजींनी विचारलं.

“हो.”

“मग शाळा सुटेपर्यंत कुणीतरी असायला हवं आक्कांजवळ. दार उघडं असलेल्या जागी.” मग ते म्हणाले, “मी आपलं सांगतो. मला घड्याळांतलं कळतं, माणसांतलं नाही.”

बाईंनी पट्टा सोडला. गुडघा पुसला. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दादाला फोन केला आणि एकच शब्द सांगितला. पलीकडून दादानं नाक ओढल्याचा आवाज आला.

रविवारी दोघं भावंडं आक्काला घेऊन गेली. बाग खरंच होती. खोलीला खिडकी होती, आणि दार उघडंच असायचं, व्हरांड्यात नर्स बसलेली. आक्काला खिडकी आवडली. बाईंनी कपडे कपाटात लावले, उशीखाली रुमाल ठेवला, चपला पलंगाखाली सरळ केल्या. तेवढ्यात आक्कानं कितीतरी वेळा वेळ विचारली आणि प्रत्येक वेळी बाईंनी नीट सांगितली. निघताना आक्कानं त्यांचा हात धरला.

“अहो बाई, तुम्ही निघा आता. उशीर झाला. तुमच्या घरी वाट बघत असतील.”

“हो, निघते.”

“एवढं एक कराल? घराची किल्ली शेजारी ठेवा. धाकटी शाळेतून आली की खोळंबायला नको. तिला म्हणावं, आक्का येतेच आहे. रडू नकोस म्हणावं.”

“सांगते,” बाई म्हणाल्या. “सांगते मी तिला.”

सोमवारी त्या वेळेवर कामावर आल्या. ट्रक ड्रायव्हर न वाकता चालत आला होता, त्याच्या दाताची त्यांनी नेहमीप्रमाणे चौकशी केली. खांद्यावाल्या दोघींना दम दिला. पाच वाजले तशी त्यांनी घाईघाईनं एप्रन काढला, पिशवी उचलली आणि जिना चढून जवळजवळ धावतच फाटकापर्यंत आल्या. रोजच यायच्या तशा. फाटकाशी आल्यावर त्यांचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच थांबला. गळ्यात दोरी नव्हती, किल्ली शेजारणीकडे ठेवली होती. घरी कुणी कोंडलेलं नव्हतं, धावायचं कारण नव्हतं.

बाहेरच्या बाकावर घड्याळजी बसले होते. त्यांचा शेक सकाळीच झाला होता. का थांबलात, असं बाईंनी विचारलं नाही. त्या शेजारी बसल्या. रस्त्यावरून शाळेची मुलं दप्तरं हेलकावत चालली होती.

“किती वाजले हो?” बाईंनी विचारलं.

घड्याळजींनी बाही वर केली, मनगट उजेडाकडे वळवलं, नीट बघितलं आणि सांगितलं, “पाच वाजून दहा.”

मुलं वळणापलीकडे गेली. रस्ता रिकामा झाला.

“किती वाजले?” बाईंनी पुन्हा विचारलं.

आत्ताच तर सांगितलं, असं घड्याळजी म्हणाले नाहीत. त्यांनी पुन्हा बाही वर केली, मनगट उजेडाकडे वळवलं आणि पहिल्यांदाच कुणी विचारावं तसं नीट बघून सांगितलं, “पाच वाजून अकरा मिनिटं.”